जिवंत आत्याच्या नावाचं जेवण

माझ्या आत्याला मी चांगली बाई म्हणणार नाही. तोंडाची फटकळ होती आणि हाताचीही. नवरा लहानपणीच मेला म्हणून ती सेलूला आमच्याच घरी राहायची. माझी आई बाळंतपणात गेल्यावर मला तिनंच वाढवलं. वाढवलं म्हणजे खायला घातलं, मारलं आणि शाळेत पाठवलं. चौथीपर्यंत शिकले ती तिच्या हट्टामुळं. पुढं हट्ट करायला ती घरात राहिली नाही.

आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय घरात कोणी घास घेत नसे. एका सकाळी पूजेच्या वेळी धुपाचा निखारा उडून आत्याच्या तळहातावर पडला. मी समोर बसले होते. कातडं जळाल्याचा वास मला आला, तिला काहीच कळलं नाही. ती डोळे मिटून बसलेली. मी ओरडले तेव्हा अप्पा, म्हणजे माझे वडील, धावत आले. त्यांनी तिचा हात उजेडात धरून पाहिला आणि सोडून दिला. त्यानंतर त्यांनी तिला कधी हात लावला नाही.

रगतपिती. हा शब्द घरात कोणी उच्चारत नव्हतं. अप्पांचं भुसाराचं दुकान होतं, आणि रोग कळला असता तर त्या दुकानातलं धान्य कोणी घेतलं नसतं. नांदेडच्या पुढं, तेलंगणात, महारोग्यांचा दवाखाना होता. महिन्याभरात अप्पा तिला तिथं ठेवून आले. गावात सांगितलं, बिदरकडच्या नातेवाइकांकडं गेली.

दोन वर्षांनी अप्पा तिला भेटायला निघाले तेव्हा मी रडून रडून बरोबर गेले. मला वाटलं होतं, ती खाटेवर पडलेली असेल. ती वांग्याच्या वाफ्यात उभी होती. बोटं आखडली होती, भुवया गेल्या होत्या, पण आवाज तोच. अप्पा कुंपणापाशीच थांबले.

"तितक्या लांबून कशाला बोलतोस दादा? मी काय म्हैस हाय का उधळायला?"

अप्पा दोन पावलं पुढं गेले, तीन नाही. तिनं सुयांची तक्रार केली, जेवणाची केली, शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या घोरण्याची केली. आखडलेल्या तळहातावर लिंग नीट राहत नाही म्हणून मांडीवर फडकं पसरून पूजा करते, म्हणाली. मग तिनं मुद्द्याचं काढलं. इथं मेलेल्याला सगळ्यांसारखं आडवं पुरतात. आपल्यातलं कोणी आलं तर आपल्या रीतीनं करू देतात, तिनं विचारून ठेवलं होतं.

"मला आडवी टाकू देऊ नको. बसती पूर. लिंग हातात दे अन् बसती पूर. दुसरं काई मागत न्हाई मी तुला."

"असं काय बोलती, बाई. येईन की मी."

"तुला जमलं न्हाई तर आपल्या जंगम स्वामीला पाठव. पण शब्द दे."

अप्पांनी शब्द दिला. मी तिथंच उभी होते.

पुढं पालमच्या एका घरातून मला मागणी आली. बैठकीत त्यांच्यातल्या कोणीतरी विचारलं, मुलीची आत्या दिसत नाही. अप्पा म्हणाले, पटकीनं गेली, बिदरला. त्या माणसानं च् च् केलं आणि विषय संपला. पण बैठकीला आमची भावकी होती. ती विचारू लागली, बहीण गेली आणि तुमच्या दारात जेवण कसं झालं नाही? मग अप्पांना ते करावं लागलं. स्वामींना बोलावलं, त्यांची पाद्यपूजा केली, भावकीच्या पंगती उठवल्या. गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, केली होती. मी पंगतीत वाढली आणि मग स्वतः खाल्ली. दोनदा घेतली. तूप चांगलं होतं.

त्यानंतर आठ दिवसांनी तिचं कार्ड आलं. दवाखान्यातल्या मुनशीकडून उर्दूत लिहून घेतलेलं. निजामाच्या शाळेत उर्दू होती, म्हणून मला वाचता आलं. पायाची जखम भरली, वांगी लय आली, पोरीचं कुठं जमलं का. अप्पांनी कार्ड फाडून चुलीत घातलं.

लग्नानंतर दुसऱ्या पंचमीला मी माहेरी असताना तार आली. बाई वारली. उद्या संध्याकाळपर्यंत कोणी या, नाहीतर इथंच उरकून घेऊ. अप्पांनी तार घडी करून टोपीत ठेवली आणि गिऱ्हाइकाला डाळ मापून दिली. गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हणाले, दुपारची गाडी हाय. ते म्हणाले, लढाईचे दिवस, गाडीत पाय ठेवायला जागा नसती.

"शब्द दिलाय तुमी तिला, अप्पा."

"तिचं झालंय एकदा."

"मग स्वामींना तर पाठवा."

"अन् सांगू काय त्यांना? मेलेली बाई पुन्ना मेली? तुला पालमला परत जायचंय का न्हाई?"

मला जायचं होतं. मला चौथा महिना होता. त्यांनी ते माझ्यावर ढकललं आणि मी ढकलू दिलं. दुपारी मी पंचमीचे कानवले उकडले.

तिला बसती पुरली की आडवी, मला माहीत नाही. एक कार्ड लिहिलं असतं तर कळलं असतं. मी लिहिलं नाही. आडवीच पुरली असणार.

अप्पा गेले ते रझाकारांच्या साली. लोक घरं सोडून पळत होते, सेलूत अर्ध्या दुकानांना कुलपं होती. तरी अप्पांना विमानात, म्हणजे मयताच्या सजवलेल्या पालखीत, बसवून नेण्यापुरती माणसं जमली. स्वामी दोन कोसांवरून चालत आले. खड्ड्यात अप्पांना पाठ टेकून नीट बसवलं, तळहातावर लिंग ठेवलं, वरून बेल आणि विभूती. स्वामी मंत्र म्हणत होते तेव्हा शेजारची एक म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "लय पुण्यवान माणूस. बहिणीचं सुदिक कसं रीतीनं केलं त्यांनी."

मी हो म्हणाले.