बांगड्या काढूनच आत या

ती पाटी मीच लावली होती. ‘घड्याळ, अंगठी, बांगड्या काढूनच आत या.’ लिहिताना काडीचाही विचार केला नाही.

२००९ साल. नाशिकच्या आमच्या कॉलेजात मला नवं वेड लागलं होतं. साध्या मायक्रोस्कोपखाली पेशीतलं जे धूसर दिसतं ते स्वच्छ पाहायचं. पेशीला चमकणारा रंग लावायचा, लेसरखाली त्याचे ठिपके लुकलुकू द्यायचे, हजारो फोटो काढायचे आणि ठिपक्याला ठिपका जोडून चित्र उभं करायचं. तयार यंत्र मिळण्यातलं नव्हतं. दिंडोरीहून ट्रॅक्टरच्या ट्यूब आणल्या, त्यांवर कडाप्प्याची जड फरशी टाकली, म्हणजे ट्रक गेला तरी हादरा नको. त्यावर आरसे आणि लेसरचा डबा.

हे सगळं लॅबच्या शिपाई नवसाबाईंच्या जिवावर. शिक्षण सातवी, पण त्यांच्यासारखा कांद्याच्या मुळाचा पातळ काप मला आजही जमत नाही. शिवाय फटकळ. म्हणायच्या, “मॅडम, तुमचं लगीन या डब्याशीच लागलंय!”

पाटी लावली त्या आठवड्यात मात्र गप्प होत्या. त्यांचे मालक सावळीराम दवाखान्यात होते, गुरुवारी हृदयाचं ऑपरेशन. सोमवारी पाटी वाचून त्या दारातच थबकल्या.

“आज नका सांगू, मॅडम. हातातलं काढलं आन् त्यांना काय झालं तर?”

“काचेवरून किरण उलटला तर डोळा जाईल, बाई!” मी खेकसले.

शेवटी त्यांनी बाह्या ओढून बांगड्या झाकल्या. संरक्षक चष्मे अजून यायचे होते, तरी मी थांबले नाही. ‘अति घाई, संकटात नेई’ हे घाटात शंभरदा वाचलेली मी!

आरसा देताना त्यांची बाही सरकली. बांगडीवरून लाल लखकन चमकलं आणि माझ्या उजव्या डोळ्यापुढे काळा डाग उभा राहिला. तो जाईना. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवस वाट पाहू. मी डावा डोळा झाकून कॅलेंडरवरच्या तारखा वाचत बसे आणि मधली तारीख दिसली नाही की रडे.

गुरुवारी सकाळी सगळ्या तारखा दिसल्या. धावत कॉलेजात आले, तर दारात नवसाबाई. दोन्ही हात मोकळे.

कसंबसं विचारलं, “कधी?”

“काय कधी? अकराला आत नेणार हायत. डोळा कसाय ते बघाया आले.”

“मग बांगड्या?”

“वाढवल्या नाय, काढल्यात. त्यांच्यापाशी डॉक्टर हायत. तुमचा डोळा माझ्यापायी गेला असता.”

“डोळा वाचलाय. आधी बांगड्या घाला!”

त्यांनी पिशवीतून काढल्या, पण घाईत चढेनात. मीच साबण लावून एकेक चढवली आणि त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले.

आत नेताना सावळीरामांनी आधी बायकोच्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. दार लागलं. मी नवसाबाईंचं मनगट धरून बाकावर बसले.

संध्याकाळी ते शुद्धीवर आल्याचं कळलं, तेव्हा मी हात सोडला. माझ्या तळव्यावर बांगड्यांचे वळ उठले होते.