मिलिंदच्या व्हिडिओ गेममागची दोन बटणं

मंडळी, आज दुपारी मी सूड उगवला आणि मला जराही वाईट वाटत नाहीये.

चौऱ्याऐंशी साली घाटकोपरच्या आमच्या कॉलनीत व्हिडिओ गेम एकट्या मिलिंदकडे होता. मिलिंद माझा मामेभाऊ. गेम मामाने दुबईहून आणलेला. अँटेनाची वायर काढून तो टीव्हीला जोडायचा, आणि दोघांनी समोरासमोर बॅटने चेंडू टोलवायचा. टीव्ही मिलिंदचा, म्हणून डावी बाजू कायम त्याची. पाहुण्यांनी उजवीकडे बसायचं. मी दरवेळी हरायचे. माझी बॅट आखूड का दिसते विचारलं, की म्हणायचा, "मशीन फॉरेनचं आहे गं, त्याला खेळणारा कळतो."

अख्ख्या कॉलनीला ते खरं वाटायचं. मलाही.

आज त्याच्या बोरिवलीच्या घरी गेले होते. नातीला दाखवायला त्याने माळ्यावरून गेम काढला, जुन्या टीव्हीला जोडला. मी धूळ पुसायला घेतली, तर मागे दोन बटणं. प्रत्येक खेळाडूचं वेगळं, इझी आणि हार्ड; हार्डवर बॅट आखूड होते. उजव्या खेळाडूचं हार्डवर, डाव्याचं इझीवर.

मिलिंद हात धुवायला गेला, तेवढ्यात मी दोन्ही फिरवली.

मग त्याला असा धुतला की नात म्हणाली, "आजोबा, तुम्हाला येतच नाही."

"माझी बॅट आखूड का दिसतेय गं?" मिलिंदने मला विचारलं.

"मशीन फॉरेनचं आहे रे," मी म्हटलं. "त्याला खेळणारा कळतो."

त्याचा हात सरळ मागच्या बटणांवर गेला.

म्हणजे तेव्हाही माहीत होतं ना याला?