सतरा दिवसांची छाती

आमच्याकडे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्या पाळण्यावर वाकून ‘कुर्रर्र’ करते आणि बाकीच्या बाया तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात. धाकट्या भावाला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगी झाली, तेव्हा हा मान मी सोडणं शक्यच नव्हतं. मला सर्दी होती. पण सर्दीचं काय, औषध घेतलं तर सात दिवसांत जाते, नाही घेतलं तर आठवड्यात. खामगावहून बसने उंद्रीला गेले, नाक पुसलं, नाव सांगितलं आणि वर गालाचा पापाही घेतला. शाळेत मी मुख्याध्यापिका आहे आणि माहेरी त्याहूनही मोठी कोणीतरी. माझ्यापुढे बोलायची तिथे कोणाची टाप नाही.

बारशानंतर पाचव्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला. “ताई, पोरगी दूध पिऊन नाही राह्यली. दोन घोट घेते अन् सोडून देते. पोट सारखं खालवर होऊन राह्यलं. तिले घेऊन खामगावलेच येतो आम्ही.”

मी त्यांच्याआधी दवाखान्यात पोचले. डॉक्टरीणबाईंनी झबलं वर केलं आणि मी पाहतच राहिले. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. गळ्याखाली वाटाण्याएवढा खळगा पडत होता. बाईंनी घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले.

“विषाणू आहे,” त्या म्हणाल्या. “मोठ्यांना यानं साधी सर्दी होते. एवढ्या लहान बाळाच्या श्वासनळ्या फार बारीक. जरा सूज आली, चिकटा साचला की वाट बंद.”

“मग औषध?”

“याला मारणारं औषध नाही. ऑक्सिजन देऊ, नाक मोकळं ठेवू, दूध नळीने पोटात घालू. दोन-तीन दिवस अवघड आहेत. श्वास मात्र तिचा तिलाच घ्यायचाय.” मग त्यांनी विचारलं, “घरात कोणाला सर्दी होती?”

मी मूग गिळून बसले. भावजय खाली बघत होती. भाऊ म्हणाला, “नाही.”

बाळाला दवाखान्यात ठेवून घेतलं आणि दोन दिवस मी काचेबाहेर उभी होते. इतकी वर्षं मुलांना श्वसनसंस्था शिकवली, फळ्यावर खडूने फुप्फुसं काढली, पण श्वास म्हणजे काय ते मला तिथे कळलं. ती दमायची. एखादा श्वास लांबायचा. मग ती पुढचा घ्यायची. कोणी शिकवलेलं नाही, कोणी सांगत नाही, सतरा दिवसांचं वय, माझ्या मुठीएवढी छाती, आणि ती थांबत नव्हती. आपण दोन जिने चढलो की कुरकुरतो! मला स्वतःची लाज वाटली आणि तिच्यासमोर माझे हात आपोआप जोडले गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी भावजयीला म्हणाले, “बारशाला मला सर्दी होती गं. माझ्यामुळे झालं हे.”

“मले माहीत व्हतं, ताई. तुमचा आवाजच बसला व्हता.” ती रडायला लागली. “म्या बोलाले पाह्यजे व्हतं, नका वाकू म्हणून. नऊ वर्षांनं झाली पोर, अन् तुमाले राग येईन म्हणून म्या गप बसली.”

डॉक्टरीणबाईंनाही मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, बारशाला शंभर माणसं आलेली, कोणाकडूनही आलं असेल. त्यांचा चांगुलपणा. मला त्याने बरं वाटलं नाही.

पाचव्या दिवशी नाकातली दुधाची नळी काढली. नर्सने बाळ भावजयीच्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, “घ्या आता अंगावर.” चार घोट घेऊन बाळ थांबलं. आम्ही सगळेच थांबलो. त्याने श्वास घेतला आणि पुन्हा ओढायला लागलं.

मी दारात होते. माझी सर्दी केव्हाच गेली होती, हातही धुतलेले होते. तरी विचारलं, “जवळ येऊ का?” त्या घरात हा प्रश्न मी कधी कोणाला विचारला नव्हता.

भावजयीने बाळावर पदर ओढून घेतला. मग मान वर करून म्हणाली, “नाही, ताई. थोडे दिवस दुरूनच पाहा.”

मी दारातच उभी राहिले. बाळ गिळत होतं, थांबत होतं, श्वास घेत होतं, पुन्हा गिळत होतं, आणि तो बारीक आवाज मला तिथपर्यंत ऐकू येत होता.