थारोळ्यातलं तेल

अमेरिकेहून परत आलो तेव्हा पहिले सहा महिने मी एकच गोष्ट सांगत होतो. शेजारी, सासरची मंडळी, कचेरीतले वरिष्ठ, जो भेटेल त्याला. एक तेलाचं गाव मी डोळ्यांसमोर उगवताना पाहिलं, ही ती गोष्ट. आज पुन्हा सांगतो आहे, पण तेव्हा जे गाळलं ते न गाळता. मधे वीस वर्षं गेली. ज्याच्यापासून ते लपवलं तो माझा मित्र आणि त्याची बायको दोघंही बडोद्याबाहेर वासण्याला राहतात. गेल्या आठवड्यापर्यंत मी सणासुदीला त्यांच्याकडे जेवायला जात होतो.

बडोदे दरबारनं मला खनिजविद्या शिकायला धाडलं होतं. आमचं घर लेखणीवाल्यांचं. आजोबा फडणिशीत, वडील विद्याखात्यात. हातानं कधी खिळा न ठोकलेल्या घरातला मी, दुसऱ्या उन्हाळ्यात कॉलेजनं कामावर पाठवलं म्हणून आगगाडीतून उतरलो तो फलाट नसलेल्या एका ठिकाणी. समोर मक्याचं शेत, त्यात चार लाकडी मनोरे आणि चिखल. तीन महिन्यांनी निघालो तेव्हा मनोरे मोजायचं लोकांनी सोडून दिलं होतं.

तिथं आधी पाट्या आल्या. चिखलात खांब रोवून त्यावर 'बँक', 'हॉटेल', 'दंतवैद्य' असं लिहून ठेवायचं. इमारत मागाहून येई, कधी येतही नसे. मग तंबू. पोस्टमास्तर एका मोठ्या खोक्यात बसे. न्हावी उलट्या पिंपावर गिऱ्हाईक बसवी. एका खाटेवर तिघे पाळीपाळीनं झोपत, एक उठला की त्याच्या उबेत दुसरा. रस्त्यात घोडे पोटापर्यंत रुतत, म्हणून कडेनं फळ्या टाकल्या, आणि फळीवरून आधी कोणी जायचं यावरून मारामाऱ्या होत. मी मोजणीदाराच्या हाताखाली नकाशे काढत असे. सकाळी कागदावर रस्ता आखला की दोन दिवसांत त्यावर दुकान उभं. बाविसाव्या वर्षी माणसाला यापेक्षा मोठी नशा कसली चढणार?

एवढं मी सगळ्यांना सांगत असे. ज्या शेतकऱ्याच्या माळ्यावर मी राहत होतो त्याची गोष्ट मात्र सांगत नसे.

म्हातारा एकटाच होता. त्याच्या शेताच्या बांधाला लागून तेलासाठी भोक पाडलं होतं. तेलाबरोबर खालचं खारं पाणी वर आलं आणि महिन्याभरात त्याच्या विहिरीत उतरलं. एके सकाळी त्यानं बादली ओढली, टमरेल भरलं आणि माझ्यापुढं धरलं. "पी," म्हणाला. मी प्यालो. मीठ आणि वर तेलाचा वास. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. मी म्हणालो, "चांगलं आहे." लहानपणापासून पाहुण्यानं यजमानाच्या घरी काय म्हणायचं ते तेवढंच मला शिकवलेलं होतं. त्यानं उरलेलं पाणी पायरीवर ओतलं आणि त्या दिवसापासून तो गावात जाऊन पिंपानं पाणी विकत आणू लागला. तिथं तेलाच्या गाड्यांना रस्ता मोकळा असे, पाण्याच्या गाड्यांना थांबावं लागे.

माझा मित्र शिपाईगड्यांच्या घरातला. त्याचा पणजा गायकवाडांच्या फौजेबरोबर आला आणि इथलाच झाला. आम्ही एका शाळेत होतो. नंतर मी पुस्तकांकडे गेलो, तो पागेत. वासण्याला त्यांची इनामातली थोडी जमीन होती, तीवर पेरूची बाग. आम्ही बडोदेकर त्याला जामफळच म्हणतो. बागेच्या कडेला विहीर. तिचं पाणी इतकं गोड की नदीपलीकडून लोक बाळंतिणीसाठी कळशी भरून नेत.

परत आल्यावर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तो फाटकातच ओरडला, "केम छो, अमेरिकन? मडम कुठं ठेवलीस?"

"बोटीवर उलट्या झाल्या तिला. परत पाठवली."

"बरं केलंस. हिला परवडली नसती." हिला म्हणजे त्याच्या बायकोला. ती आत होती. हसल्याचा आवाज आला, ती बाहेर आली नाही.

जेवताना मी तेलाच्या गावाची गोष्ट सांगितली. तो घास हातात धरून ऐकत होता. हात धुवायला मी थारोळ्यापाशी गेलो. मोट रिकामी होते तो विहिरीच्या काठचा चौकोनी हौद म्हणजे थारोळं. त्या दिवसांत मोट बंद होती, पाणी साचून राहिलं होतं. त्यावर मोरपिशी रंगाचा तवंग होता.

कॉलेजात एक परीक्षा शिकवली होती. तवंगात काडी फिरवायची. नुसत्या लोखंडाचा गंज असेल तर पापुद्रे होऊन तुटतो. तेल असेल तर पुन्हा जुळून येतो. मी जामफळाची काडी मोडली आणि फिरवली. तवंग जुळून आला. पुन्हा फिरवली, पुन्हा जुळला. वास घेतला. पातळ तेलाचा वास. अमेरिकेत त्या शेतात अगदी असाच येत असे.

मित्र मागं येऊन उभा होता. "काय रे?"

"तुझ्या जमिनीत तेल आहे," मी म्हणालो.

हे वाक्य मी विचार करून बोललो नाही. पण बोललो, आणि मग ते खरं करणं हे माझं काम झालं. मुंबईचे एक शेठ मला बोटीवर भेटले होते, त्यांना पत्र टाकलं. तेलाच्या गावाची गोष्ट त्यांनीही ऐकलेली होतीच. ते स्वतः येऊन थारोळं पाहून गेले. दरबारची परवानगी मिळाली, बागेच्या भाडेपट्ट्याचा कागद तयार झाला. सही तेवढी व्हायची होती.

सहीच्या आधीच्या रविवारी मी भोकाची जागा आखायला गेलो. मित्र पागेत गेला होता. खुंट्या मारून झाल्यावर दाराआडून वहिनींनी हाक मारली.

"भावजी, एक विचारू? तेल तेल म्हणता ते थारोळ्यातलंच ना?"

"हो, वहिनी."

"मग ते मच्छरवाला टाकतो ते."

मला कळेना. त्यांनी पदर सावरला आणि उंबऱ्यापर्यंत आल्या. "आरोग्यखात्याचा माणूस येतो दर पंधरा दिवसांनी. साचलेल्या पाण्यावर झारीनं घासलेट मारतो, मच्छर होऊ नयेत म्हणून. हे पागेत असतात तेव्हाच येतो. मी ताक देते त्याला."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कुठं विचारलंत? तुम्ही दोघं बोलत होता, मी मधे कशी येऊ? आणि मला वाटलं, एवढं समुद्रापलीकडं शिकून आलेला माणूस, घासलेट ओळखता येत असेल."

टोमणा होता तो, पण मायेचा. मी हसलो असतो, चूक झाली म्हणालो असतो, तर सगळं तिथंच संपलं असतं. शेठना एक कार्ड टाकायचं होतं फक्त. पण मला कचेरी दिसली. अमेरिकेहून दरबारच्या खर्चानं शिकून आला आणि घासलेटाच्या झारीला तेलाची खाण म्हणाला, ही गोष्ट मांडवीपासून राजवाड्यापर्यंत किती दिवस चालेल ते दिसलं. मी हातोडी पिशवीत ठेवली.

"वहिनी, हे कुणापाशी बोलू नका. त्यालाही नको. वर टाकलेलं वेगळं, खाली आहे ते वेगळं. खाली आहेच."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना पटलं नव्हतं. पण आमच्यात दिराच्या शब्दाला भावजय आड येत नाही, आणि त्यांनी मला सख्ख्या दिरासारखं मानलं होतं. "तुम्ही म्हणता तर नाही बोलत," म्हणाल्या आणि आत गेल्या.

मंगळवारी सही झाली. बोरू उचलण्याआधी मित्रानं एकच विचारलं. शेठना नाही, मला. "बाकी जाऊ दे. माझ्या विहिरीला काही होणार नाही ना?"

माझ्या जिभेवर ते टमरेलातलं पाणी आलं, हे खोटं नाही.

"काही होत नाही," मी म्हणालो.

पुढं वासण्याच्या त्या तुकड्यावर मी माझं अमेरिकेतलं गाव पुन्हा उगवताना पाहिलं, खेळण्याएवढं. आधी पाटी आली. मग चहाची टपरी, मग भजीवाला, मग जामफळाच्या झाडाला आरसा टांगून बसलेला न्हावी. शेठचं भोक पाडायचं इंजिन आलं तेव्हा शहरातून टांगे भरभरून माणसं बघायला आली. निम्मी बाग तोडली. उरलेल्या निम्म्या बागेवर मी रस्ते आखले, नकाशा काढला, चौकाला जागा सोडली. मित्र पागेतून आला की तो नकाशा मांडीवर घेऊन बसे आणि बोटानं रस्त्यांवरून फिरे. "इथं आमचा बंगला ना, अमेरिकन? मग तुझा समोर घे. सकाळी उठून तुझं तोंड बघायचं तर बघायचं." वहिनी चहा ठेवून जात. मी त्यांच्याकडे पाहत नसे.

तेल लागलं नाही. लागलं ते खारं पाणी. ते हत्तीच्या सोंडेएवढ्या धारेनं वर आलं आणि दोन दिवस बागेत पसरत राहिलं. शेठनी इंजिन उचललं. टपरी गेली, भजीवाला गेला, न्हाव्यानं आरसा काढून नेला. पाटी तेवढी राहिली, तिची फळी पुढं वहिनींनी चुलीत घातली.

पावसाळ्यानंतर मित्रानं मला बोलावून घेतलं. विहिरीतून पाणी काढलं, पेला भरला आणि पुढं धरला.

"पी."

मी प्यालो. जग हिंडून पुन्हा तेच पाणी माझ्या तोंडात आलं होतं.

"जरा मचूळ आहे," मी म्हणालो. "बसेल खाली हळूहळू."

बसलं नाही. उरलेली झाडं दोन वर्षांत वाळली. बैल गेले. पागेतली नोकरी सुटल्यावर मी त्याला आमच्या कचेरीत दारावर लावून घेतलं. लोक म्हणाले, मैत्री असावी तर अशी. तो रोज सकाळी मला उभं राहून सलाम करतो आणि साहेबलोक पुढं गेले की हळूच म्हणतो, "केम छो, अमेरिकन?" येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की तेल होतं, शेठला धीर नव्हता, अजून दोनशे फूट खाली जायला हवं होतं. कुणी हसलं तर त्याला राग येतो, माझ्यासाठी. आणि वहिनी वीस वर्षं दुसऱ्याच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणत आल्या. मी गेलो की पहिला पेला मला देत. कधी एक अक्षर बोलल्या नाहीत. पेला ठेवत आणि आत जात.

गेल्या आठवड्यात तो कचेरीत माझ्या टेबलापाशी आला. डोळे चमकत होते. कुठल्याशा नव्या कंपनीबद्दल त्यानं ऐकलं होतं. "उरलेला तुकडाही देऊन टाकतो म्हणतो. घराखालचा. या वेळी खोल जा म्हणावं. तू अर्ज लिहून दे, तुझं इंग्रजी चालतं." टाक त्यानंच शाईत बुडवून माझ्या हातात दिला.

मी टाक खाली ठेवला आणि त्याला घेऊन वासण्याला गेलो. ओसरीवर बसून सगळं सांगितलं. झारी, घासलेट, अमेरिकेतला म्हातारा, त्याची विहीर. मी थांबलो तेव्हा शिव्या येतील म्हणून वाट पाहत होतो. खरं सांगतो, यायला हव्या होत्या. मला बरं वाटलं असतं.

त्यानं एवढंच विचारलं, "हिला माहीत होतं?"

खोटं बोलायची सवय होती, तरी या वेळी बोललो नाही. "हो. मीच सांगितलं, तुला कळू द्यायचं नाही."

तो उठला. आत न जाता विहिरीकडे गेला आणि आमच्याकडे पाठ करून काठावर बसला. वहिनी दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. हातात माझ्यासाठी भरलेला पेला होता.

"वीस वर्षं मी सांभाळलं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नाही सांभाळता आलं." भावजी म्हणाल्या नाहीत.

मी म्हणालो की उरलेली जमीन वाचावी म्हणून सांगितलं. ते खरंही होतं. त्यांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. विहिरीवर बसलेल्या त्या पाठीकडे त्या बघत होत्या.

जमीन वाचली. अर्ज गेला नाही. तो आता कचेरीत येतो, दारावर उभा राहतो, सलाम करतो. साहेबलोक पुढं गेल्यावर काही बोलत नाही. शेजारी सांगतात, घरात तो बायकोशीही बोलत नाही. ती पाणी आणते, तो ते पितो. मी मोकळा झालो, असं मला चार दिवस वाटत होतं. जे ओझं मी उतरवलं, ते उतरवायला मला पुन्हा त्यांचंच घर सापडलं.

त्या दिवशी तो पेला त्यांनी मला दिला नाही. तुळशीत ओतला.