उगवतीचा समुद्र

मी गाव सोडलं त्या दिवशी आमची एसटी आमच्याच मेंढरांनी अडवली. फाट्यावरनं गाडी सुटून दोन वळणं झाली असतील-नसतील, तर पुढं रस्ताभर मेंढरंच मेंढरं. ड्रायव्हरनं हॉर्नवर ठेवलेला हात काढलाच नाही. आई फाट्यापर्यंत येऊन, रडून परत गेली होती. आबा, माझे वडील, मात्र उजाडायच्या आत कळप घेऊन बाहेर पडले होते, त्यामुळं त्यांचा निरोप राहिला होता. खिडकीत मला बघून ते सावकाश आले. अख्खी गाडी खोळंबलीय याचं त्यांना काही नव्हतं. सांभाळून राहा, पैसे धाडत जा, असलं काही बोलले नाहीत. म्हणाले, "बिरू, वाटंनं झोपू नगंस. बघत जा." मग काठी आडवी धरून त्यांनी मेंढरं बाजूला घेतली.

मिरजेला रेल्वेत बसलो आणि झोपलो. सातवीतनं शाळा सुटलेलं पोरगं, धास्तीनं दोन रात्री डोळा लागलेला नव्हता. शेजारच्या गावचे शेट मला कामाला घेऊन चालले होते, त्यांनी हलवून उठवलं तेव्हा राजमुंद्री आलेली. मधला सगळा मुलूख बघायचा राहिला तो राहिलाच.

आटपाडी-खानापूरकडच्या माणसांना गलाई म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांना सांगतो. सराफांकडचं मोडीचं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं, हा आमचा धंदा, आणि त्यापायी आमच्या भागातली माणसं देशभर पांगलेली. गावात आम्हाला नावानं कोण ओळखत नाही. हा कोचीनवाला, तो कटकवाला, मी राजमुंद्रीवाला. यात्रेला सगळे जमलो की ऐकणाऱ्याला वाटावं, यांनी अख्खा हिंदुस्थान पालथा घातलाय. पण माझ्यासारखे जे बाहेर गेलात, त्या तुम्हाला खरं काय ते माहीत आहे. कटकवाल्यानं कटकात फक्त आपली गल्ली बघितली, मी राजमुंद्रीत माझी.

धंदाच तसा. मुशीत, म्हणजे गाळायच्या भांड्यात, सोनं असतं दुसऱ्याचं. दुकानातला केरसुद्धा आम्ही टाकत नाही, त्यात सोन्याचा कण असतो म्हणून साठवून ठेवतो. हात धुतलेलं पाणीही ठेवतो. त्यामुळं मान कायम खाली, भट्टीकडं, नाहीतर फरशीकडं. त्यात मी पहिल्यापासून भित्रा. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेलो की परत येऊन ओढून बघणारा. पण तक्रार कुठल्या तोंडानं करू? शेटनी पोटच्या पोरासारखं शिकवलं, पुढं स्वतंत्र दुकान घालून दिलं. शेजारच्या तेलुगू बायांनी माझ्या बायकोची, मालनची, दोन्ही बाळंतपणं काढली. पोरं इथंच शिकली, मार्गी लागली. या गावाचं मीठ माझ्या अंगात आहे, ते नाकारलं तर देव बघतोय.

आबांचं सगळंच वेगळं. ते कधी रेल्वेत बसले नव्हते, पण दिवाळी झाली की कळप घेऊन पायी कोकणात उतरायचे. कुठल्या ओढ्याचं पाणी कधी आटतं, कुठल्या गावची माणसं खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात आणि वर भाकरीबरोबर कोरड्यास, म्हणजे कालवणही देतात, सगळं त्यांना माहीत. तिकडंच एकदा त्यांनी समुद्र बघितला, दिवस बुडताना. तेव्हापासून त्यांच्या मनात एकच बसलं. पाण्यात बुडणारा दिवस बघितला, आता पाण्यातनं निघणारा बघायचा. राजमुंद्रीपासनं उगवतीचा समुद्र जवळ आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलं, आणि मग दर फोनला तेच. समुद्राला जाऊन आलास का?

मी म्हणायचो, दुकान असतंय आबा.

"आरं, तुझं सोनं काय पाय फुटून पळतंय व्हय? माझी मेंढरं पळत्यात, तरी मी कोकण बघून येतो."

मग मी म्हणायचो, तुमीच या, दोघं मिळून जाऊ. ते म्हणायचे, कळप कुणावर टाकू? मी भट्टीला बांधलेला, ते मेंढरांना. हसून फोन ठेवायचो. पुढच्या दिवाळीला, पुढच्या उन्हाळ्याला असं करता करता माझी दाढी पांढरी झाली.

मग आबांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवू. ती पण टिकली नाही. दिसेना तसा कळप विकला. आई गेल्यापासनं ते धाकट्या भावाकडं असतात. एक दिवस त्यांचाच फोन आला, "आता मोकळा झालो गड्या. येतो."

मालन आत जाऊन पदर डोळ्याला लावून आली. आता येऊन काय बघणार, असं ती हळूच म्हणाली.

भाऊ त्यांना राजमुंद्रीला पोचवून गेला. दुसऱ्या दिवशीची मी दुकानाला सुट्टी दिली, गिऱ्हाइकांना फोन केले, कुणी आडकाठी केली नाही. इतकी वर्षं जे जमत नव्हतं ते शटर ओढायला लागतो तेवढ्याच वेळात झालं. याचं मला अजून रडू येतं.

अंधारातच गाडी करून निघालो, काकीनाड्याला पोचलो तेव्हा नुसतं फटफटत होतं. आबांनी चपला काढल्या, वाकून वाळू चिमटीत घेतली, पाण्याचा थेंब जिभेवर ठेवला. नवीन मुक्कामाला धनगर करतो तसंच. मग म्हणाले, "हं, सांग."

"पाणी हाय आबा. लय हाय."

"पाणी हाय ते मला ऐकू येतंय. फुडं सांग."

पुढं मला येईना. बघितलेलं बोलून सांगायची मला सवयच नव्हती. मग आबाच विचारायला लागले. पाण्याचा रंग कसला, मातकट का निळा? होड्यांची तोंडं कुणीकडं? बाया काय नेसल्यात? मी एकेक बघायचो आणि सांगायचो. सांगता सांगता पाण्याच्या कडेला लाल रेघ आली. मी म्हणालो, आबा, निघाला. त्यांनी खांदा पुढं केला, मला नीट त्या अंगाला उभा कर म्हणाले. मी त्यांना वळवलं. तोंडावर ऊन पडलं तसा त्यांनी डोक्याचा पटका काढून हातात घेतला.

"माझ्या डोळ्यांत कोकणातलाच समुद्र हाय बघ," मग ते म्हणाले. "तू बोलतुयास तसा मी त्यो उलटा फिरवतुया."

मासळी निवडणारी एक म्हातारी मला तेलुगूत विचारत होती, पेद्दायना, म्हणजे हे आजोबा, कुणाला शोधतायत. मी आबांना सांगितलं. त्यांनी तिलाच उलट विचारायला लावलं, पलीकडं काय हाय? म्हातारी म्हणाली, तिचा भाऊ बोटीवर होता, पलीकडं ब्रह्मदेश आहे म्हणायचा. आबांनी मान हलवली. "आणि तितनं फुडं?" म्हातारी हसायला लागली. मी पण हसलो. मग वाटलं, आबांनी डोळे होते तेव्हा जगभर फिरायला पाहिजे होतं. जग बघायला मिळालं मला, आणि मी दाराशी बसून राहिलो.

आबा महिनाभर राहून गेले. आता रोज रात्री जेवायला बसायच्या आधी गावाकडनं त्यांचा फोन येतो. तब्येत, पाऊसपाणी काही नाही. आज काय बघितलंस? काही बघितलेलं नसलं की मला शाळेत गृहपाठ राहिल्यासारखी धडकी भरते. म्हणून संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर जातो. गाव, घर म्हणजे माझ्यापुरता आता तेवढाच एक प्रश्न शिल्लक आहे, आणि तो विचारणारा माणूस थकत चाललाय. तो थांबला की मी कुणासाठी मान वर करणार, ही काळजी दिवसभर भट्टीपाशी सोबत असते.

काल मी सांगितलं, नदीतली वाळू काढतात त्या होड्या इतक्या भरतात की काठ पाण्याला टेकतो. आबा जरा थांबून म्हणाले, "मंग त्यातली माणसं पाय कुठं ठिवत्यात?"

ते मी बघितलं नव्हतं. आत्ता ऊन उतरतंय. भट्टी विझवलीय, शटर ओढतो आणि बघून येतो.