तोंडातल्या तोंडात

मी माणिकपूरला दातांच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. त्यामुळे सगळ्या वसईने मास्क काढले तरी माझा निघाला नाही, आणि निघावा असं मला कधी वाटलंही नाही.

कारण त्याच्याआड मी बोलायला शिकले होते.

एरवी मी कमी बोलते. आमच्या खाडीकाठच्या घरात 'पानी' म्हणतात, आणि इंग्लिश मीडियमच्या शाळेत मराठीच्या बाई त्या 'न'चे गुण कापायच्या. मी 'पाणी' म्हणायला शिकले, तर घरी चुलत भावंडं 'मॅडम आल्या' म्हणून हसायची. 'ळ' मला अजूनही विचार करून काढावा लागतो. अशा माणसाने गप्प बसलेलं बरं, हे मी सातवीतच ठरवलं होतं.

करोनाच्या काळात दवाखाना परत उघडला आणि माझ्या लक्षात आलं की मास्कच्या आत कोणाचं लक्ष नसतं. समोरचा म्हणायचा, "अपॉइंटमेंट नाही, पण दोनच मिनिटांचं काम आहे." माझे डोळे म्हणायचे, बसा ना. तोंड, आवाज न करता, म्हणायचं, बसा आता संध्याकाळपर्यंत. डॉक्टर उशिरा आले की मी त्यांना मास्कमधून जीभ दाखवून गुड मॉर्निंग म्हणायचे. डोळे नोकरी करायचे आणि तोंड सुट्टीवर असायचं. त्या दोन वर्षांत मी जेवढं मराठी बोलले तेवढं आधीच्या वीस वर्षांत बोलले नसेन. एकही चूक झाली नाही. आवाज नसला की 'न' आणि 'ण' सारखेच.

घोटाळा नंतर झाला. बाहेर मास्क उतरले, पण माझ्या तोंडाला ते कोणी कळवलं नाही. शेअर रिक्षात शेजारची बाई भाजीची पिशवी माझ्या मांडीवर टेकवायची आणि माझे ओठ आपोआप चालू व्हायचे.

"काय म्हणालीस?"

"काही नाही."

"तोंड हललं तुझं."

"स्तोत्र म्हणत होते."

"कोणतं?"

मी एक स्टॉप आधीच उतरले.

पण खरी पकडली गेले ती एका साखरपुड्यात. मुलाकडचे एक गृहस्थ माईक घेऊन दोन्ही घराण्यांचे गुण सांगत होते, सांगतच होते. मी मागच्या खुर्चीवरून ओठांतल्या ओठांत म्हटलं, माईक दमला आता, त्याला तरी सोडा. समोर, मंडपाच्या पलीकडच्या बाजूला बसलेल्या माझ्या काकीच्या नाकातून सरबत बाहेर आलं.

काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. तिचं घर आणि आमचं घर एकाच अंगणात. काका जाऊन बरीच वर्षं झाली. ती एकटी राहते, सहा कोंबड्या, एक शेवगा आणि भेंडीचे चार वाफे सांभाळते. गावात तिच्याइतकं बोलणारं कोणी नाही. तिचा मुलगा, माझा चुलत दादा, विरारला चौदाव्या मजल्यावर राहतो.

जेवणानंतर हात धुताना ती माझ्या शेजारी आली. "माईक दमला व्हय गो, बाय?"

माझा हात नळाखालीच राहिला. "तू ऐकलंस?"

"आयकायला तू बोलतेस कुठं?" ती म्हणाली. मग मागे वळून बघितलं, कोणी नाही याची खात्री केली. "मना आयकू येत नाय. दहा वर्सां होत आली. तोंडं बघून समजतं. कोनाला सांगू नको."

मी आयुष्यभर तिच्या अंगणात वाढले आणि मला हे माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. जो माणूस सतत बोलत असतो त्याला ऐकू येतं की नाही हे तपासायची संधीच कोणाला मिळत नाही. करोनात सगळ्यांची तोंडं झाकली गेली, तेव्हा तिची पंचाईत व्हायला हवी होती. पण तेव्हा कोणाचंच कोणाला कळत नव्हतं. "तोंड बांधून काय बोलता, नीट बोला," असं ती ओरडायची आणि लोक मास्क खाली ओढून, माफी मागून, परत सांगायचे. लॉकडाऊनपासून तिला फोनसुद्धा फक्त व्हिडिओवालाच लागतो. आम्हाला वाटायचं, काकीला माणसांची किती ओढ.

"पण सांगायला काय हरकत आहे?" मी विचारलं.

"तुझ्या दादाला समजलं तर तो मना विरारला नेऊन ठेवील. चौदा माळे वर. तिथून खालची मानसं मुंग्यांवानी. त्यांची तोंडं कशी दिसायची मना?"

दादाबद्दल सांगायला हवं. करोना सगळ्यांच्या घरातून गेला, फक्त दादाच्या खिशातून गेला नाही. खिशात सॅनिटायझरची बाटली, चपला दाराबाहेर उन्हात, आणि आईच्या घरी आला की मास्क. आईला काही होऊ नये म्हणून. जेवायला तो ओटीवर एकटा बसायचा, जेवताना बोलायचा नाही, आणि हात धुतले की परत मास्क. एकदा त्याने शेवग्याच्या शेंगा पुसलेल्या मी पाहिल्या आहेत, एकेक करून.

आता काकीची अडचण कळेल. सगळ्या गावाचं बोलणं तिला समजायचं; समजायचं नाही ते पोटच्या मुलाचं. दादा म्हणायचा, "आईला ऐकू येत नाही." माझे बाबा म्हणायचे, "काहीतरीच. माझ्याशी तासभर गप्पा मारते." दादा म्हणायचा, "फोनवर तर बरोबर उत्तरं देते. मी समोर आलो की मुद्दाम भलतंच बोलते. मी इथून जावं असं वाटत असेल तिला." हे त्याने एकदा हसत हसत म्हटलं होतं, पण तो हसत नव्हता. मास्क असला तरी ते कळलं. आणि मला खरं माहीत असून मी गप्प बसले होते.

मग कुकरची भानगड झाली. काकीने डाळ लावली आणि वाफ्यात पाणी घालायला गेली. शिट्ट्या पूर्ण आळीने ऐकल्या, तिने सोडून. डाळीचा कोळसा झाला. शेजारच्यांनी विरारला फोन केला आणि दादाने बाबांना निरोप दिला: रविवारी येतो. आईला ऐकू येत नसेल तर त्याच दिवशी सोबत घेऊन जातो.

काकी शनिवारी आमच्याकडे आली, माझ्या हातात भेंडीची पिशवी ठेवली आणि म्हणाली, "उद्या माझ्या समोर बस. तो काय बोलंल ते तू तोंडात बोल. रोज बोलतेस तसं."

मला कोणी आजवर बोलायला बसवलं नव्हतं. लगेच हो म्हटलं.

रविवारी काकी ओटीवर सूप घेऊन सुका जवळा, ती बारीक वाळवलेली कोळंबी, निवडत बसली. मी तिच्या समोर, मदतीला म्हणून. दादा आला, हातांना सॅनिटायझर चोळलं आणि मुद्दाम तिच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. मास्क नाकापर्यंत.

"आई, दूध आलं का?"

मी ओठ हलवले.

"आलं. पानी जास्ती होतं," काकी जवळ्यातला कचरा काढत म्हणाली.

दादाने पुढचा प्रश्न टाकला. "कोंबड्या किती आहेत आता?"

"पाच. एक तुझ्या काकाने खाल्ली."

माझे बाबा. हे मी सांगितलं नव्हतं, ही तिची स्वतःची भर होती. तिची उत्तरं जराशी उशिरा यायची, टीव्हीवर दूरच्या बातमीदाराची येतात तशी, पण बरोबर यायची. पाच-सहा प्रश्न झाले. दादाचा आवाज मऊ होत गेला. मला वाटलं, जिंकलो.

इथे मराठीने दगा दिला. आमच्या बाईंनी घोकून घेतलेल्या व्यंजनांत एक ओळ होती: प, फ, ब, भ, म. ती म्हणताना ओठ मिटतात, दर वेळी जवळजवळ सारखेच. म्हणजे बघणाऱ्याला ती पाच अक्षरं एकच. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बाईंनाही नसावं.

दादाने काळजीने विचारलं, "पाठीचं काय झालं? गेल्या महिन्यात दुखत होती ना."

काकीची पाठ दुखते हे मलाच नवीन होतं. मी घाईत फक्त पहिलं वाक्य ओठांवर घेतलं. पाठीचं काय झालं?

काकीने माझ्याकडे पाहिलं, क्षणभर विचार केला. तिच्या स्वयंपाकघरातला माठ तेव्हा झिरपत होता.

"गळतोय," ती म्हणाली.

"काय?"

मी ओठ हलवले. काय?

"गळतोय म्हटलं ना. खाली पातेलं ठेवलंय."

"पाठीखाली?"

"दोन दिवसांत पातेलं भरलं. नवीन आन आता बाजारातून, हा जुना झाला."

मी हसू दाबायचा प्रयत्न केला. मास्क असता तर जमलं असतं. दादाने माझ्याकडे पाहिलं, मग काकीकडे, मग परत माझ्या तोंडाकडे. माझे ओठ अजून 'पाठीखाली'वरच अडकले होते. तो दारातून पुढे आला आणि आमच्या मध्ये उभा राहिला. काकीने मान वाकडी करून त्याच्या पायांमधून मला शोधायचा प्रयत्न केला, आणि त्याला सगळं कळलं.

"कधीपासून चाललंय हे?" त्याने मला विचारलं.

माझा आवाज गेला. नेहमीसारखाच. पण ओठ हलले असावेत, कारण काकी बाजूने वाकून म्हणाली, "ती म्हनते, दीड वरीस."

दादा बघतच राहिला.

"आनि म्हनते, सॉरी दादा."

ज्या बाईला ऐकू येत नाही ती, जिला बोलता येत नाही तिचं बोलणं सांगत होती. दादा सूप बाजूला सरकवून काकीच्या समोर उकिडवा बसला. मग मास्क काढला, घडी केली, खिशात ठेवला.

"आई," तो म्हणाला, "मी बोललेलं तुला काहीच कळत नव्हतं?"

काकी त्याच्या ओठांकडे बघत होती, जवळ्याचा हात हवेतच. "आज या घरात तोंड उघडलंस," ती म्हणाली. "चार वर्सांनी. मिशी कवा काढलीस? फोनात तर होती."

"आई, कुकर फुटला असता तर?"

या प्रश्नाला तिच्याकडे गंमत नव्हती. तिने सूप परत ओढून जवळा पाखडला. "शिटी दिसत नाय ना," ती म्हणाली. आणि सूप खाली ठेवून, "तू कुकर घेऊन जा. तुझ्या लहानपनी मी टोपातच डाळ शिजवायची. टोपाजवळून उठायला होत नाय. मना नको नेऊ."

दादाने माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही सांगेन. मी खरंच सांगितलं. मोठ्याने. "दादा, तिथे चौदाव्या मजल्यावर तिला कोणाचंच तोंड दिसणार नाही." वाक्य बरोबर होतं की नाही माहीत नाही, पण 'ळ' त्यात नव्हता, म्हणून नीट निघालं.

तो संध्याकाळी विरारला गेला तेव्हा बरोबर कुकर होता, सॅनिटायझरने पुसलेला. काकी नव्हती.

पुढच्या आठवड्यात त्याने दाराच्या बेलला एक दिवा जोडून घेतला. बेल वाजली की स्वयंपाकघरात लाल उजेड होतो आणि कोंबड्या बिथरतात. माणिकपूरला कानांची तपासणी झाली, मशीन मिळालं. काकी ते फक्त रविवारी लावते. "लय आवाज करते दुनिया," असं तिचं मत आहे. आणि फाटकाशी, शेवग्याच्या बुंध्याला एक खिळा आहे. दादा आला की आत यायच्या आधी मास्क त्या खिळ्याला अडकवतो. जाताना नवीन लावतो, कारण अडकवलेला खाली पडतो आणि त्यावर कोंबडी बसलेली असते.

सगळ्यात जास्त नुकसान माझं झालं. आता घरच्या कार्यक्रमात मला तोंडातल्या तोंडात काही म्हणायची सोय राहिली नाही. काकी कुठूनही वाचते आणि मोठ्याने हसते, मग सगळे विचारतात, काय झालं. म्हणून मी पर्समध्ये एक मास्क ठेवते. परवा तिच्या अंगणात सत्यनारायण होता, तेव्हा मी तो लावून कोपऱ्यात बसले. काकीने पलीकडून बोट हलवून खूण केली: काढ ते.

मी मास्क हनुवटीवर घेतला.

दादा तेव्हा भटजींना कानाचं मशीन कसं चालतं ते समजावत होता. बॅटरी, व्हॉल्यूम, चार्जिंग, परत बॅटरी. काकीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आवाज न करता ओठ हलवले. दोनच शब्द. पहिला 'माझं' असावा. दुसरा 'पोर' होता की 'बोर', ते मला आजही सांगता येणार नाही.

मी मान हलवली. दोन्ही खरं होतं.