गॉगलवाला शेतकरी

आमच्या भुकूमच्या सोसायटीला गेल्या वर्षी एकाएकी इतिहासाचा पुळका आला. क्लबहाऊसमधल्या टेबल टेनिसच्या खोलीची 'आर्ट गॅलरी' झाली आणि ग्रुपवर आवाहन पडलं: 'जुनं भुकूम' या प्रदर्शनासाठी सर्वांनी फोटो द्यावेत. आता सर्वांनी म्हणजे कुणी? आम्ही निम्मे हिंजवडीत नोकरीला. कुणी नांदेडचं, कुणी जळगावचं, मी परभणीची. आमचं भुकूम सुरू होतं तेच मुळी फ्लॅटचा ताबा मिळाल्यापासून.

तरी फोटो आले, धो धो आले. बाल्कनीतून सूर्यास्त. शेजारच्या बाल्कनीतून तोच सूर्यास्त. एका गृहस्थांनी स्वतःच्या मुंजीचा फोटो पाठवला, तोही सोलापूरचा. म्हणे, जुना तर आहे! मी कपाळावर हात मारला. म्हटलं, अहो, रस्त्यापलीकडं अख्खं गाव बसलंय, त्यांना विचारा की. "मग तुम्हीच विचारा," सेक्रेटरी म्हणाले. आमच्याकडं सूचना करणाऱ्याच्याच गळ्यात काम पडतं.

आमची सोसायटी ज्यांच्या शेतावर उभी आहे, त्या घरच्या वहिनी आता खोल्या भाड्यानं देतात. फ्लॅट मिळेपर्यंत मी त्यांच्याच खोलीत राहिले होते, म्हणून हक्कानं गेले. त्यांनी कपाटातल्या साड्यांच्या घडीतून एक फोटो काढला. बांधावर त्या उभ्या, डोक्यावर पदर, चेहरा कसनुसा. शेजारी यजमान: जीन्स, काळा गॉगल, तोंडभर हसू, आणि हात वहिनींच्या खांद्यावर. जमिनीचा व्यवहार झाला त्या दिवशीचा फोटो.

"चार मान्सांत खांद्यावर हात ठिवला ओ ताई! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. घरी येऊन लई बोलले मी मालकांना." मग फोटो पदरानं पुसत म्हणाल्या, "आमचा दोगांचा एवढाच फोटो हाय. आता तर मालक बी न्हाईत. तुमी मोटा करून लावनार ना? समद्यांनी बघावं त्यांना एकदा."

लावणार म्हणजे लावणारच, मी शब्द दिला.

सेक्रेटरींनी फोटो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला. "छान आहे हो. पण यात शेतकरी कुठंय?"

"हा काय, गॉगल घातलेला."

"नाही, शेतकरी म्हणजे... शेतकरी!"

त्यांना बैल हवा होता, निदान मुंडासं तरी. मी म्हटलं, माणसानं हौसेनं घातलेला गॉगल आता तुम्ही उतरवणार आहात का? "बघतो," ते म्हणाले, आणि फोटो स्कॅन करून मला परत दिला. तो मी त्याच दिवशी वहिनींना पोचवला.

उद्घाटनाला वहिनी ठेवणीतली साडी नेसून आल्या. मागं जावा, नणंदा, भाचे, सगळा गोतावळा. दारात चपला काढून सगळे आत शिरले. आमची मंडळी बूट घालूनच फिरत होती. भिंतीवर मधोमध मोठ्ठी फ्रेम होती. फोटो काळापांढरा केलेला आणि त्यात वहिनी एकट्याच. खाली लिहिलं होतं, 'मातीशी नातं'.

यजमानांना चक्क कापून टाकलं होतं. खांद्यावरचा हात तेवढा कापता आला नव्हता. मनगटापाशी फ्रेम संपत होती.

माझं डोकंच फिरलं. "अहो, लाज कशी वाटत नाही तुम्हाला?" मी सगळ्यांदेखत विचारलं.

"मॅडम, कलेच्या दृष्टीनं गॉगल खटकत होता," सेक्रेटरी म्हणाले. दोनतीन जणांनी माना डोलावल्यासुद्धा!

जावा एकमेकींकडं बघायला लागल्या. वहिनी फ्रेमजवळ गेल्या, काचेवरून त्या हातावर बोट टेकवलं आणि तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर फ्रेम उतरवून चालू लागतील. त्या सेक्रेटरींकडं वळल्या.

"ऱ्हाऊ द्या भाऊ, लावलाय तर लावलाय. पन खाली एवढं लिवा, हात कुनाचा हाय त्ये. न्हाईतर लोकं भलतंच समजत्याल."